मार्जारन्यायाची फेरतपासणी

रामानुजाचार्यांच्या पश्चात त्यांच्या श्रीवैष्णव संप्रदायात जो मतभेद हळूहळू वाढत गेला आणि अखेरीस वडकलै व तेंकलै अशा दोन शाखांच्या रूपाने ज्याने कायमचे ठाण मांडले, त्याच्या मुळाशी एक प्रश्न होता: परमेश्वर जीवाचा उद्धार करतो तेव्हा जीवाकडून काही प्रयत्नाची अपेक्षा ठेवतो, की सगळा भार आपल्याच शिरावर घेतो? वेदान्त देशिकांना मानणाऱ्या वडकलै पक्षाचे उत्तर असे, की माकडिणीचे पिल्लू जसे चारही हातापायांनी आईच्या पोटाला बिलगून राहते आणि म्हणूनच ती झेप घेते तेव्हा खाली पडत नाही, तसे जीवानेही ईश्वराला धरून राहावे लागते. पिळ्ळै लोकाचार्यांच्या तेंकलै पक्षाला ही अट मान्य नव्हती. मांजरीचे पिल्लू कशालाच धरत नाही. आईच त्याची मानगूट तोंडात धरते आणि तिला योग्य वाटेल तिथे नेऊन ठेवते. पिल्लाने फक्त अंग सैल सोडावे, एवढेच त्याचे कर्तव्य. पहिला मर्कटकिशोरन्याय, दुसरा मार्जारकिशोरन्याय. पुढे कित्येक शतकांनी रामकृष्ण परमहंसही आपल्या शिष्यांना हीच दोन पिल्ले दाखवीत असत.

इतका गहन वाद दोन जनावरांच्या साक्षीवर सोपवला जावा याचे कोणाला नवल वाटेल. परंतु साक्षीदार एकदा पिंजऱ्यात उभा केला, की त्याची उलटतपासणी घेण्याचा हक्क सामान्य माणसालाही प्राप्त होतो, आणि लोणावळ्या-खंडाळ्यात राहणाऱ्याला तर हे दोन्ही साक्षीदार समन्सावाचूनच दारात हजर असतात. घाटातल्या कठड्यांवर पोटाशी पिल्लू घेऊन बसलेल्या माकडिणी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातातली चिक्की हिसकावून घेतात, आणि पिल्लाची पकड त्या झटापटीतही सुटत नाही. शिवाय ज्या गावात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून श्वासोच्छ्वासासारखी गोष्टसुद्धा प्रयोगशाळेतल्या उपकरणांनी मोजायला घेतली, त्या गावाचा कल मर्कटपक्षाकडे, म्हणजे प्रयत्नाकडे, असणार हे उघड आहे. माझा कल मात्र पहिल्यापासून मांजरांकडे. घरात चार मांजरे आहेत, हेही त्याचे एक कारण असावे.

आषाढातल्या झडीत एके सकाळी भाजीवाल्या मावशींनी पाटीतून मेथीच्या जुडीबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले एक पिल्लू बाहेर काढले. डोळे चिपडांनी मिटलेले, पोट जंतांनी तट्ट फुगलेले, अंग गार.

“गुर्जी, आईनं बाकीची उचलून न्येली, ह्येला टाकलं बगा. तुमच्याकडं चार हायेतच की, त्यात ह्ये पाचवं.”

“अहो मावशी, चार आहेत म्हणूनच तर पंचाईत आहे,” मी म्हणालो. पण तोवर पाटी त्यांच्या डोक्यावर चढली होती.

मावशींच्या पहिल्या वाक्याने लोकाचार्यांच्या साक्षीदाराची जबानी बरीच डळमळीत होते. मांजरी सगळीच पिल्ले उचलत नाही. जे गार पडले, ज्याला स्तनापर्यंत पोहोचण्याचे बळ उरले नाही, त्याला ती पुष्कळदा मागेच ठेवते. यात क्रौर्य नाही. तिचे दूध मर्यादित आहे, आणि पाऊस दाराशी आहे. पण मग सर्वांत असहाय जो, त्याच्याच बाबतीत मार्जारन्याय थांबतो असे म्हणावे लागेल. तेंकलै आचार्यांना ही अडचण जाणवली असावी असा माझा संशय आहे, कारण ईश्वराचे वात्सल्य भक्ताच्या दोषांनाही गोड मानून घेते हे सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मांजरीला रजा दिली आणि नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगावरचा मळ जिभेने चाटून काढणारी गाय पुढे आणली.

मांजरीच्या तोंडाकडे अधिक बारकाईने पाहिले ते आपल्या ज्ञानेश्वरांनी. लोणावळ्याच्या माथ्यावर कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी मावळ ओलांडून देहूवरून ज्या आळंदीस जाते, त्या आळंदीच्या या तरुणाने शके १२१२ मध्ये सांगितलेल्या गीताटीकेच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना अहिंसक पुरुषाचे चालणे वर्णिले आहे. आणि केसर दुखावेल या शंकेने कमळावर हळुवार पाय ठेवणाऱ्या भ्रमराच्या पाठोपाठ तिथे येते ती मायेने पिल्लू तोंडात धरणारी मांजरी. दक्षिणेतल्या आचार्यांची नजर पिल्लाच्या सैल पडलेल्या अंगावर होती. ज्ञानेश्वरांची नजर दातांच्या टोकांवर आहे. ज्या दातांनी उंदराची मान मोडायची, तेच दात पिल्लाच्या कातडीला टेकतात आणि रुतत नाहीत. म्हणजे पिल्लाने किती शरण जावे हा इथे प्रश्नच नाही. धरणाऱ्याने स्वतःला किती आवरावे, हा आहे. कृपेचा सगळा खर्च कृपा करणाऱ्याच्या खात्यावर टाकणारी ही दृष्टी मला अधिक खरी वाटते. पण तिची कसोटी पिल्लू उचलताना लागत नाही. उचलून घरात आणल्यावर, जिथे आधीच कोणीतरी राहत असते, तिथे लागते.

मावळच्या जुन्या महसुली दप्तरांत रयतेचे दोन वर्ग आढळतात, मिरासदार आणि उपरी; मिरासदाराचा आपल्या जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, उपऱ्याची वहिवाट मर्जीवर आणि मुदतीवर. मांजरांनी ही दप्तरे वाचलेली नाहीत, तरी त्यांच्या जगात हा भेद कोणत्याही कुलकर्ण्याच्या वहीपेक्षा पक्का नोंदलेला असतो. खिडकीची कोणती फळी कोणाची, चुलीजवळची ऊब कोणत्या प्रहरी कोणाकडे, याचे फैसले कधीच झालेले असतात, आणि उपरी आला की त्याच्या वासावरूनच तक्रार गुदरली जाते. आमच्या थोरल्या भाटीने तर गोणपाट उंबऱ्याच्या आत येताच फिस्कारून आपली हरकत नोंदवली.

ही हरकत निव्वळ मत्सराची समजून दुर्लक्षावी अशी नसते, कारण तिच्या बाजूने पशुवैद्यकाचा भक्कम दाखला आहे. डोळ्यानाकांतून पाणी गाळणारा मांजरांचा सर्दीताप शिंकेतून पसरतो, भांड्यातून पसरतो, आणि एकाला कुरवाळून दुसऱ्याकडे वळणाऱ्या आपल्याच हातांतूनही पसरतो. त्यातला हर्पीस जातीचा विषाणू एकदा शरीरात शिरला, की जन्मभर दबा धरून बसतो. त्याहून भयंकर ती फेलाइन पॅनल्युकोपेनिया नावाची व्याधी, जी उलट्या व जुलाब यांनी शरीर शोषून घेते, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची धूळधाण करते, लहान पिल्लांना क्वचितच सोडते, आणि जिचा विषाणू फरशीच्या फटींतून वर्षवर्षभर जिवंत राहून साबणाला आणि स्पिरिटला दाद देत नाही. त्याला ब्लीचचे पाणीच लागते. म्हणून नवे पिल्लू, विशेषतः आजारी, किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत बंद ठेवावे, त्याची भांडी, मातीचे घमेले, फडकी वेगळी असावीत, जुन्या मांजरांचे खाणेपिणे आधी उरकावे आणि पिल्लाचे शेवटी, हात धुवावेत, कपडे बदलावेत, असा दंडक आहे. आमच्याकडे ही तजवीज मागच्या न्हाणीघरात झाली.

आता त्या बंद दाराशी उभे राहून पाहावे. आत जे आहे ते आईपासून तुटलेले, भावंडांच्या उबेला मुकलेले, आणि ज्याने त्याला उचलले त्यानेच त्याला कोंडले. बाहेर चार मांजरे आपल्या जागेचा एक भाग जप्त झाल्याची कैफियत मांडीत बसलेली. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर घेतले जाणारे दोन आक्षेप बादरायणांनी एकाच सूत्रात गुंफले आहेत: वैषम्य, म्हणजे तो पक्षपाती आहे, आणि नैर्घृण्य, म्हणजे तो निर्दय आहे. एकाला सुखी, दुसऱ्याला दुःखी, ही विषमता तो कशी चालू देतो? न्हाणीघराच्या दारात उभ्या असलेल्या माणसावर हे दोन्ही आरोप एकाच वेळी आणि तेही दोन वेगळ्या फिर्यादींकडून येतात. बाहेरचे वैषम्याचा, आतला नैर्घृण्याचा.

बादरायणांनी ईश्वराची सुटका केली ती कर्माचा हवाला देऊन: ईश्वर जीवांच्या कर्माला अनुसरून फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे येत नाही. शंकराचार्य भाष्यात पर्जन्याचा दृष्टान्त देतात. पाऊस साऱ्यांवर सारखाच पडतो. साळ साळीसारखी उगवते आणि यव यवासारखे, तो फरक बीजाचा. वर्षाकाठी चार-चार हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या गावात हा दृष्टान्त वाचताना मनात येते, की भाष्यकारांना अभिप्रेत असलेला पाऊस बराच सौम्य असावा. पण मूळ मुद्दा वेगळा आहे. कर्माचा हा बचाव ईश्वराच्या तोंडी शोभत असेल. माणसाच्या तोंडी तो शोभत नाही. पिल्लाच्या पूर्वकर्माने ते गार पडले असे जो म्हणतो, त्याने गरम पाण्याची पिशवी भरण्याच्या कामातून स्वतःची मुक्तता करून घेतलेली असते. माणसाला बचाव शोधायचा तर तो दुसऱ्याच्या कर्मात शोधून चालणार नाही, स्वतःच्याच कृतीत शोधावा लागेल.

तो मला शिबीच्या कथेत दिसतो. महाभारतातल्या या राजाच्या मांडीवर ससाण्याला भ्यालेले कबूतर येऊन बसते, आणि ससाणा राजापुढे येऊन विचारतो, की त्याला वाचवून मला उपाशी मारण्यात तुझा कोणता धर्म? राजा स्वतःच्या मांडीचे मांस कापून तराजूत घालू लागतो. या कथेची थोरवी सांगताना आपण राजाच्या औदार्याने इतके दिपून जातो, की त्यातला हिशेब नजरेतून सुटतो. शिबीने ससाण्यापुढे दुसरे कबूतर टाकले नाही. राजवाड्यात पाळलेली कबुतरे निश्चित असणार. त्यातले एक देऊन प्रकरण मिटवता आले असते, शरणागत वाचला असता आणि ससाणाही तृप्त होऊन उडाला असता. पण ती दया दुसऱ्याच्या मांसाने चुकती झाली असती. कळवळ्याच्या भरात आजारी पिल्लाला सरळ घरभर मोकळे सोडून “राहतील सगळी मिळून” असे म्हणणारा मनुष्य नेमके हेच करीत असतो. त्याच्या दयेची किंमत थोरली भाटी भरते. दार बंद केले, की ती किंमत ज्याची त्याच्याकडे येते: रात्रीची मोडलेली झोप, पावसाळ्यात न वाळणारी फडकी, ब्लीचने सोलवटलेली बोटे, आणि न्हाणीघरातला तो दर्प.

विलगीकरण म्हटले, की पुण्याच्या परिसरातल्या माणसाला १८९७ साल आठवल्यावाचून राहत नाही. प्लेगच्या त्या वर्षी रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरे झडतीस घेतली, माणसे इस्पितळात आणि छावण्यांत हलवली, आणि त्याची परिणती २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्यांत झाली. रोग्याला निरोग्यांपासून दूर ठेवावे हे शास्त्र तेव्हाही खोटे नव्हते. त्याच वर्षी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनीही गावाबाहेर, वस्तीपासून दूर, दवाखाना थाटला होता, म्हणजे विलगीकरण तेही होते. त्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी मुंढव्याचा एक आजारी मुलगा आपल्या पाठीवर वाहून आणला, आणि त्याच साथीने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. दोन्हीकडे दार एकच. एका दाराबाहेर बंदोबस्ताचा शिपाई उभा होता आणि दुसऱ्या दाराच्या आत एक वृद्ध स्त्री होती. कोंडण्याचा हुकूम देणारा स्वतः कुठे उभा आहे, एवढ्यावरून नैर्घृण्याच्या आरोपाचा निकाल लागतो, असे मला वाटते.

आत जाऊन बसल्यावर काय करायचे, याचे फर्मान मावळातल्याच लेण्यांत राहिलेल्या भिक्षूंना पाठ असणार. भाजे, बेडसे, कार्ले ही नुसती शिल्पाची स्थळे नव्हेत. पावसाळ्यात भिक्षूंनी एके ठिकाणी राहावे या नियमाखातर वसलेली ती बिऱ्हाडे होती, आणि कार्ल्याच्या लेखात क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने वलूरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी, कोण कुठला हे न पाहता, करजिक गाव दिल्याची नोंद आहे. पावसात आलेल्या उपऱ्याला ठाव देण्याची सोय या डोंगरांत इतकी जुनी आहे. अनेकांचे असे एकत्र राहणे आले, की आजाऱ्याचा प्रश्न आलाच. विनयपिटकाच्या महावग्गात कथा आहे: विहारातून फिरताना बुद्धाला आणि आनंदाला अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू स्वतःच्याच मळमूत्रात पडलेला दिसला. तुझी शुश्रूषा का होत नाही असे विचारता तो म्हणाला, की मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी डोक्यापायाला धरून त्याला उचलून मंचकावर निजवले, आणि मग संघाला बोलावून सांगितले, की तुम्हांला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

या कथेच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही, पण मला तोच अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे बुद्ध एखाद्या अनुभवी परिचारिकेसारखा बोलतो. शुश्रूषेला सोपा रोगी कोण? जो पथ्य पाळतो, मात्रा ओळखतो, औषध घेतो, दुखणे जसे आहे तसे सांगतो आणि वेदना सहन करतो. मांजराच्या पिल्लापाशी या पाचांतला एकही गुण धड नसतो. ते पथ्य पाळत नाही, औषध थुंकते, आणि दुखणे तर सांगत नाहीच, उलट लपवते. मग सारा भार परिचारकाच्या पाच गुणांवर पडतो, आणि त्यांत मळ, थुंकी, ओक यांची किळस न वाटणे हा गुण मैत्रीभावनेच्या खांद्याला खांदा लावून बसलेला आहे. करुणेच्या व्याख्येत ओकारीचा असा रोखठोक उल्लेख करणारा धर्मग्रंथ विरळा.

त्यातही हितकर काय आणि अहितकर काय हे ओळखण्याचा जो गुण सांगितला आहे, त्याच्यावाचून बाकीचे गुण फुकट जातात. वाटीभर गाईचे दूध पुढे ठेवणे हा आपल्याकडे मांजरप्रेमाचा पहिला आविष्कार. आजारी पिल्लाचे जुलाब त्यानेच वाढतात. ताप दिसला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कुटून द्यावी, तर ती मांजराला विष ठरते, कारण ते द्रव्य पचवून बाहेर टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात जवळजवळ नाही. गार पडलेल्या पिल्लाला लगेच भरवू नये; आधी ऊब, मग अन्न, कारण गारठलेले आतडे काम करीत नाही. आणि भरवताना त्याला तान्ह्या मुलासारखे उताणे धरू नये. पोटावर ठेवून, सिरिंजच्या टोकाने, जिभेच्या कडेला थेंब थेंब सोडावा, नाहीतर अन्न फुप्फुसात उतरते.

आणि थेंब सोडल्यावर थांबावे लागते. या थांबण्यात वेदान्त देशिकांचा पक्ष अनपेक्षितपणे पुन्हा उभा राहतो. ऊब मी देऊ शकतो, चिपडे मी काढू शकतो, गुरांच्या दवाखान्यातून आणलेले जंतांचे औषध आणि डोळ्यांचे थेंब मी घालू शकतो. घोट मात्र त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. सर्वस्वी सैल पडलेले पिल्लू, जे तेंकलै दृष्टान्तात शरणागतीचा आदर्श होऊन बसले आहे, ते शुश्रूषा करणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवते. ज्या दिवशी ते औषधाच्या हाताला ओरबाडते, नखे रोवते, मान झटकते, त्या दिवशी जीव परत येऊ लागला असे समजावे. प्रतिकार हाच इथे श्रद्धेहून शुभ. यावर लोकाचार्य म्हणतील, की गिळण्याची ती शक्तीदेखील कृपेनेच येते. देशिक म्हणतील, येईना का, पण गिळले ते पिल्लाने. हा वाद न्हाणीघराच्या फरशीवर बसून सुटत नाही. मात्र तो तिथे कांचीपेक्षा लहान वाटतो, एवढे खरे.

महिपतीने भक्तविजयात राका कुंभाराची कथा दिली आहे. मांजरीने कच्च्या मडक्यात पिल्ले ठेवलेली, भट्टी पेटल्यावर ते आठवले, राकाने विठ्ठलाचा धावा केला, आणि विस्तव निवल्यावर पिल्ले जिवंत निघाली. ज्याला आजार्‍याच्या उशाशी बसणे ठाऊक आहे त्याला या कथेतला चमत्कार मागावासा वाटतो आणि मागता येत नाही, कारण न्हाणीघरातली आग एकदाची विझत नसते. ती रोज दर तीन तासांनी वाटीचमचा घेऊन हजर होते, आणि कितीतरी पिल्ले सगळे करूनही जातात. गेलेल्या पिल्लाच्या सेवेला फळ आले नाही म्हणून ती कमी प्रतीची ठरवावी, तर महावग्गातला तो भिक्षू पुढे बरा झाला की नाही याचीही चौकशी करावी लागेल. ग्रंथकाराला ती करावीशी वाटली नाही.

हे पिल्लू वाचले. मुदत संपली, लसीची पहिली सुई टोचून झाली, आणि मग उपऱ्याला गावात घेण्याची दुसरी, अधिक चिवट वाटाघाट सुरू झाली: त्याच्या अंगाखालचे फडके बाहेरच्यांना हुंगायला द्यायचे, बाहेरच्यांचे आत; दाराच्या दोन बाजूंना दोन ताटल्या ठेवायच्या; दार बोटभर, मग वीतभर उघडायचे. थोरल्या भाटीने त्याच्या नाकावर एक चापट देऊन त्याला रहिवाशांत दाखल करून घेतले. बाकीच्या तिघांनी तिचा निकाल बिनतक्रार मान्य केला.

राहिली ती माझी बाब. शरण आलेल्या जीवाच्या अंतःकरणात उद्धारकर्त्याविषयी कृतज्ञता आपोआप उचंबळते असे भक्तिशास्त्र गृहीत धरते. हे पिल्लू घरात सर्वांच्या मांडीवर चढते, बोंबलाचा तुकडा टाकणाऱ्या शेजारच्या मुलाच्या तर पायांतच घोटाळते. मी मात्र खोलीत पाऊल टाकले, की कपाटाखाली जाते. त्याच्या दृष्टीने मी म्हणजे सिरिंज. थोडे वाईट वाटते, नाही असे नाही. पण ज्या ईश्वराने मला आजवर कडू औषधे पाजली असतील, त्याला चुकवून मी नेमका कोणत्या कपाटाखाली बसतो आणि बोंबील टाकणाऱ्या कोणाच्या पायांत घोटाळतो, याचा विचार करू लागल्यापासून त्या पिल्लाला तिथून ओढून बाहेर काढण्याचा आग्रह मी सोडला आहे.